दहा-आठ

सन 1934, जूनची अखेर. बेसिन रोड स्टेशनात तुम्ही गाडीची वाट पाहताय. वसईचं हे इंग्रजी अमदानीतलं नाव. विरारपर्यंत विजेच्या गाड्या यायला अजून दोन वर्षं आहेत, त्यामुळे येतं ते धूर ओकणारं इंजिन. तुम्ही गाडीत चढता आणि खाडीच्या पुलावर कोळशाची कणी डोळ्यात जाते. डोळा चोळून बघता, तर समोर हिरवळ. विम्बल्डन!

लाकडी रॅकेट घेतलेली ती बावीस वर्षांची मुलगी मुंबईची लीला राव. पलीकडे इंग्लंडच्या ग्लॅडिस साउथवेल. पहिला सेट लीलानं 4-6 असा गमावलाय. आणखी एक गेला की घरचा रस्ता. दुसरा सेट संपता संपत नाही. टायब्रेक अजून कुणाला ठाऊक नाही, दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत खेळायचंच. बाजू बदलताना टेकायला खुर्चीही नाही. पांढरे चेंडू गवतानं हिरवट झालेत. आठ-आठ. तुमच्या मुठी आवळलेल्या. नऊ-आठ. दहा-आठ! तिसरा सेट ती 6-2 असा सहज घेते. विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री तुम्ही पाहिलीत. पुढच्या फेरीत फ्रान्सच्या इडा अदामॉफकडून ती हरते, तरी ते दहा-आठ कोण पुसणार?

आता तिच्या घरी चला. आई पंडिता क्षमाबाई राव, स्वतः टेनिस गाजवलेल्या आणि संस्कृत कवयित्री. त्यांची ‘सत्याग्रहगीता’ 1932 साली छापली गेली ती पॅरिसला. आजोबा शंकर पांडुरंग पंडित, तुकोबांच्या गाथेच्या इंदुप्रकाश आवृत्तीवर काम केलेले विद्वान. पुढे क्षमाबाईंनी तुकोबांचं चरित्र संस्कृतात रचलं आणि लीलाबाईंनी आईच्या लेखनावरून संस्कृत नाटकं लिहिली. तीन पिढ्यांचा हा व्यासंग मला त्या सामन्याइतकाच मोठा वाटतो.

आणखी थोडी वर्षं पुढे या. लग्नानंतर त्या लीला राव दयाळ झाल्या आहेत. त्यांचं ‘नाट्यचंद्रिका’ हे पुस्तक उघडा. शास्त्रीय नृत्याचं तंत्र शिकणाऱ्याच्या हाती यावं म्हणून संस्कृत आणि इंग्रजीत लिहिलेलं, आकृत्याही त्यांनी स्वतः काढलेल्या. हात कुठे, पाऊल कुठे, सगळं उलगडून दाखवलेलं. दहा-आठपर्यंत न कंटाळता उभी राहिलेली बाई इथेही घाई करत नाही.

वसई-विरारच्या एखाद्या शाळेनं यंदाच्या स्नेहसंमेलनात त्यांचं एक नाटक बसवावं. संस्कृतचे शिक्षक आहेत, मुलीही तयार होतील.