गुठळी रोखणाऱ्या गोळीची कुळकथा

हृदयविकाराच्या झटक्याचा रुग्ण नाशिकच्या इंदिरानगरात दवाखान्यात पोचो की मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात, ईसीजीत झटका दिसला की पहिला उपचार बहुधा तोच असतो: सुमारे ३०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन चावून खायला आणि सोबत क्लोपिडोग्रेलच्या ७५ मिलिग्रॅमच्या चार गोळ्या. याला ‘लोडिंग डोस’ म्हणतात. घरोघरी या ‘रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या’ म्हणून ओळखल्या जातात. प्रत्यक्षात रक्त पातळ होत नाही, त्यातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटायच्या थांबतात.

या घराण्याचा मूळपुरुष अ‍ॅस्पिरिन. इंग्लंडमधले धर्मोपदेशक एडवर्ड स्टोन यांनी विलो झाडाची साल तापावर चालते, असे १७६३ मध्ये रॉयल सोसायटीला कळवले. आपल्याकडे ओढ्याकाठी वाढणारा वाळुंज याच कुळातला. पुढे १८९७ मध्ये जर्मनीच्या बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन यांनी शुद्ध अ‍ॅसिटिल सॅलिसिलिक आम्ल तयार केले आणि १८९९ पासून ते ‘अ‍ॅस्पिरिन’ नावाने विकले जाऊ लागले. त्यानंतर कित्येक दशके ती डोकेदुखीची आणि तापाची गोळी राहिली. प्लेटलेटचा गुठळीशी असलेला संबंध इटलीच्या ज्युलिओ बिझोझेरो यांनी १८८२ मध्येच दाखवला होता, पण या दोन गोष्टींची गाठ कोणी घातली नव्हती.

ती गाठ पडली एका दुष्परिणामामुळे. कॅलिफोर्नियातले डॉ. लॉरेन्स क्रेव्हन टॉन्सिल काढलेल्या रुग्णांना दुखणे कमी व्हावे म्हणून अ‍ॅस्पिरिन घातलेले च्युइंगगम देत. ते जास्त चघळणाऱ्या काहींना बराच रक्तस्राव झाला. जे औषध रक्त गोठू देत नाही ते हृदयाच्या धमनीतली गुठळीही रोखेल, असा अंदाज त्यांनी बांधला. १९५६ मध्ये त्यांनी सुमारे ८,००० पुरुषांचा अनुभव प्रसिद्ध केला. पण औषध न घेणाऱ्यांचा तुलनेसाठी गट नव्हता, नियतकालिकही लहान होते. कोणी फारसे लक्ष दिले नाही. अंदाज अचूक असूनही तो इतकी वर्षे पडून राहिला, ही या कथेतली खरी हळहळ.

कारण उलगडले १९७१ मध्ये. लंडनमध्ये जॉन व्हेन यांनी अ‍ॅस्पिरिन शरीरातल्या प्रोस्टाग्लँडिन या रसायनांची निर्मिती थांबवते हे दाखवले. १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. प्लेटलेटच्या बाबतीत हा परिणाम विलक्षण टिकतो. प्लेटलेटला केंद्रक नसते, त्यामुळे ही रसायने बनवणारे, अ‍ॅस्पिरिनने निकामी केलेले विकर तिला नव्याने बनवता येत नाही. आठ-दहा दिवसांचे तिचे आयुष्य तसेच सरते. म्हणूनच ७५ मिलिग्रॅमची इवलीशी गोळी दिवसातून एकदा पुरते, आणि गोळी बंद केली तरी तिचा परिणाम लगेच ओसरत नाही.

निर्णायक पुरावा १९८८ च्या ‘आयसिस-२’ चाचणीने दिला. झटक्याचा संशय असलेल्या १७,१८७ रुग्णांमध्ये महिनाभर दिलेल्या अ‍ॅस्पिरिनने पाच आठवड्यांतले हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराचे मृत्यू २३ टक्क्यांनी घटले. गुठळी विरघळवणाऱ्या स्ट्रेप्टोकायनेजची जोड मिळाली तेव्हा ही घट ४२ टक्के झाली.

घराण्याची दुसरी शाखा फ्रान्समधली. तिथल्या टिक्लोपिडीनने स्टेंटमध्ये, म्हणजे धमनी उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळीत, होणाऱ्या गुठळ्या आटोक्यात आल्या, पण ते पांढऱ्या पेशी घटवत असे. त्याच्याच भावंडाला, क्लोपिडोग्रेलला, १९९७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. केरळात जन्मलेले डॉ. सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखालील ‘क्युअर’ चाचणीने २००१ मध्ये अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल एकत्र देण्याचा फायदा सिद्ध केला.

भारतात १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूला नव्हे, तर फक्त बनवण्याच्या पद्धतीला संरक्षण दिले होते. त्यामुळे क्लोपिडोग्रेल इथल्या कंपन्यांनी स्वस्तात आणले. अ‍ॅस्पिरिनच्या बाबतीत मुंबईच्या यूएसव्ही कंपनीची ‘इकोस्प्रिन’ इतकी रुळली की मेडिकलच्या दुकानात चिठ्ठीशिवायही तेच नाव ऐकू येते. रोजच्या गोळीवर आतड्यात विरघळणारे आवरण असते. झटक्याच्या वेळी ती चावायची, म्हणजे आवरण फुटून औषध लवकर रक्तात जाते.

स्टेंटनंतर दोन्ही गोळ्या साधारण सहा महिने ते वर्षभर आणि पुढे बहुधा एकच चालते. मधेच स्वतःहून गोळी सोडणे धोक्याचे, कारण स्टेंट अचानक बंद पडू शकतो. निरोगी माणसांनी अ‍ॅस्पिरिनची गोळी प्रतिबंध म्हणून घ्यावी का, हा क्रेव्हन यांचा मूळ प्रश्न मात्र वेगळ्या वाटेने गेला. २०१८ मध्ये ‘अ‍ॅस्प्री’ चाचणीत १९,००० हून अधिक निरोगी वयस्कांमध्ये फायदा दिसला नाही आणि मोठा रक्तस्राव वाढला. त्यामुळे हृदयविकार नसलेल्या वयस्कांना ही गोळी सरसकट सुरू करण्याची शिफारस आता केली जात नाही.