विहिरीचा पंप, बाबांचे गुडघे आणि टीसीएल

दिवाळी बोनसच्या भरात मी एक उद्योग करून ठेवला. बाबांचे गुडघे थंडीत फार दुखतात, म्हणून फुगवायचा स्पा मागवला आणि नांदुऱ्याला मागच्या अंगणात मांडला. स्पा म्हणजे काय, तर हवा भरलेला प्लास्टिकचा हौद, त्यात 800 लिटर पाणी, शेजारी हीटर, फिल्टर आणि बुडबुडे काढणारं यंत्र. आई म्हणाली, "म्हशी बसवाच्या का याच्यात?" अर्धी आळी बघून गेली. हायवेवरच्या 105 फुटी मारुतीनंतर गावात बघण्यासारखं दुसरं काही उभं राहिलं असेल तर ते हेच!

पहिला आठवडा झकास गेला. मी पुण्याला परतलो. दोन आठवड्यांनी आलो तर पाणी गढूळ, कडेला हात लावला तर बुळबुळीत, आणि बाबांच्या मांड्यांवर लाल पुरळ. डॉक्टर म्हणाले, काही दिवसांत जाईल. गेलंही. पण मनाला लागलं. बरं वाटावं म्हणून आणलेल्या वस्तूनेच त्रास दिला होता.

असो. इंजिनिअर माणूस, मूळ कारण सापडल्याशिवाय झोप येईना. शोधता शोधता इतिहासात शिरलो आणि शनिवार-रविवार तिथेच गेला.

गंमत म्हणजे या प्रकाराची सुरुवात आपल्यासारख्याच घरात झाली. जकुझी हे आडनाव आहे. इटलीहून कॅलिफोर्नियात गेलेले सात भाऊ. आधी विमानाचे पंखे बनवायचे, मग शेतकऱ्यांसाठी विहिरीचे पंप. त्यातल्या कॅन्डिडो जकुझीच्या मुलाला, केनेथला, अगदी लहानपणी संधिवात झाला. दवाखान्यात त्याला फिरत्या गरम पाण्याचे उपचार मिळायचे, पण रोज कोण नेणार? बापाने 1940च्या दशकाच्या शेवटी घरच्याच टबात सोडता येईल असा पंप बनवला. 1956 मध्ये तो बाजारात आला. 1968 मध्ये रॉय जकुझीने पंप टबातच बसवला. तिकडे बापाने मुलासाठी केलं, इकडे मुलगा बापासाठी करत होता. तिथे विहिरीच्या पंपापासून सुरुवात झाली, आणि आमची गोष्ट शेवटी विहिरीवरच येऊन थांबली.

आता वाईट बातमी. स्पाचं पाणी 38 ते 40 अंशांवर असतं. आपल्याला जे सुखाचं, तेच जंतूंनाही सुखाचं. बाबांच्या पुरळासारखं पुरळ अशा पाण्यात वाढणाऱ्या स्यूडोमोनास नावाच्या जंतूमुळे होतं. ते एक वेळ परवडलं. 1976 मध्ये फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या अधिवेशनात एका न्यूमोनियाने माणसं दगावली, आणि पुढच्या वर्षी त्याचा जंतू सापडला : लिजिओनेला. तो कोमट पाण्यात वाढतो आणि तुषारांतून थेट फुप्फुसात जातो. 1999 मध्ये नेदरलँड्समधल्या बोव्हनकार्स्पेल गावात फुलांचं प्रदर्शन होतं. तिथे विक्रीसाठी एक बुडबुड्यांचा टब चालू करून ठेवला होता. त्यात कुणी बसलंसुद्धा नव्हतं. लोक फक्त शेजारून गेले. किमान 32 जण मेले.

हे वाचून मी अंगणात जाऊन आधी प्लग काढला.

मग उपाय काय? तो शोधण्यात आपल्या देशाचाही वाटा आहे. 1892 मध्ये आग्र्याला आलेल्या अर्नेस्ट हँकिनने कॉलऱ्याविरुद्ध विहिरीत पोटॅशियम परमँगनेट टाकायची पद्धत रूढ केली. पाणी गुलाबी दिसायचं. भारतीय वैद्यकीय सेवेतल्या व्हिन्सेंट नेसफील्डने 1903 मध्ये क्लोरीनने पाणी निर्जंतुक करण्याविषयी लिहिलं. 1908 मध्ये जॉन लीलने अमेरिकेतल्या जर्सी सिटीच्या पाण्यात कुणालाही न विचारता ब्लीचिंग पावडर सोडायला सुरुवात केली. पुढे तीच पावडर गावोगावच्या विहिरींवर आली. आपण तिला टीसीएल म्हणतो.

इथपर्यंत आलो आणि बाबा हसायला लागले. कारण ते निवृत्त आरोग्यसेवक! तीस वर्षं सायकलवर टीसीएल घेऊन विहिरी केल्या त्यांनी. मी म्हटलं, "बाबा, मग तुमच्या लक्षात कसं नाही आलं?"

"अरे बापा, मले वाटलं मशीन आहे, आपलं आपण करत असंल."

मला वाटलं, मी क्लोरीन टाकून आलोय, झालं काम. दोघांचीही चूक एकच. मग बाबांनी मला त्यांच्या खात्याचा धडा शिकवला. टीसीएल टाकून अर्धा तास थांबायचं, मग नमुना घेऊन ओटीचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन शिल्लक आहे. "टाकलं किती ते कोणी विचारत नाही. उरलं किती ते पाह्यचं."

सगळं यात आलं. क्लोरीन संपतं. उष्णतेने, घामाने, आणि आमच्याकडे तर महानारायण तेलानेही! बाबा तेल चोळून थेट पाण्यात बसायचे.

त्यात आमचं पाणी खारपाणपट्ट्यातलं. बोअरचं पाणी तापवलं की हीटरवर पांढरा थर बसतो. बुडबुड्यांनी कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच चढतो. पीएच 7.5 असताना निम्मं क्लोरीन जोरकस रूपात असतं, 8.5 ला जेमतेम दहावा भाग.

म्हणून आता नियम असे. पाण्यात बसण्याआधी साबणाने अंघोळ. तेल नंतर. टेस्ट पट्टीवर क्लोरीन किमान 3 पीपीएम आणि पीएच 7 ते 7.8 दिसल्याशिवाय आत जायचं नाही. तापमान 40 च्या वर नाही. फिल्टर वेळच्या वेळी धुवायचा, खराब झाला की बदलायचा. पाणी बदलताना आधी जास्त क्लोरीन घालून यंत्र चालवायचं, कारण बुळबुळीत थर नळ्यांच्या आतही असतो. मग रिकामं करून भिंती घासायच्या. आणि उरलेली टीसीएल स्पाच्या पावडरीत कधीच मिसळायची नाही. दोन जातींचं क्लोरीन एकत्र आलं तर पेट घेऊ शकतं.

राहिला आईचा प्रश्न. "लोकं पाण्यासाठी थांबतात अन आपण 800 लिटर ओतून द्याचं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता स्पा फक्त थंडीचे तीन महिने लागतो. क्लोरीन उतरलं की ते पाणी अंगण धुवायला आणि संडासाला जातं. झाडांना नाही, खारं आहे.

परवा रात्री फोन केला. बाबा म्हणाले, "थांब, पट्टी पाह्यतो." मागे आई ओरडत होती, जेवण थंड होतंय म्हणून. तरी त्यांनी आधी पट्टी बघितली.