सत्यकामाची कथा : एक प्रसंग, दोन अर्थ

'शास्त्रांत जातिभेद आहे का?' या प्रश्नाला हो किंवा नाही असे उत्तर देण्याआधी एक कथा पाहा.

छांदोग्य उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात सत्यकाम शिकण्यासाठी हारिद्रुमत गौतमांकडे जातो. ते गोत्र विचारतात. तो आईचे शब्द जसेच्या तसे सांगतो : तरुणपणी ठिकठिकाणी सेवा करत असताना तू झालास, तुझे गोत्र मला ठाऊक नाही. अब्राह्मण इतके खरे सांगणार नाही, असे म्हणून गौतम त्याला समिधा आणायला सांगतात आणि त्याचे उपनयन करतात.

आता विचार करा. तो खरे बोलला म्हणून ब्राह्मण ठरला, की जन्माने ब्राह्मण होता म्हणून खरे बोलला? पहिल्या अर्थाने वर्ण गुणावर ठरतो, दुसऱ्याने जन्मावर. ब्रह्मसूत्रांच्या या प्रकरणावरील (१.३.३४ ते ३८) भाष्यात शंकराचार्यांनी दुसरा अर्थ घेतला : सत्यकाम शूद्र नाही हे ठरल्यावरच गौतमांनी त्याला स्वीकारले. त्यावरून शूद्राचा वेदाध्ययनाचा अधिकार नाकारला गेला. इतिहास-पुराणांची वाट तेवढी मोकळी राहिली.

ज्याला वेद वाचण्याचीच मनाई, तो दुसरा अर्थ मांडणार कुठे? म्हणूनच डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये सांगितले की, शास्त्रवचनांचे सोयीचे अर्थ काढून भागणार नाही; त्यांचे प्रामाण्यच नाकारले पाहिजे.

यापुढे कोणतेही वचन वाचताना विचारा : हा अर्थ कोणी लावला आणि त्या वेळी दाराबाहेर कोण उभे होते?