मारबत : अनोळखी माणसांची सामुदायिक कला



2011 साली अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात कँडी चँग या कलावतीने एका ओसाड घराची भिंत फळ्यासारखी रंगविली. मरण्यापूर्वी आपल्याला काय करायचे आहे, ते येणाऱ्याजाणाऱ्याने खडूने तेथे लिहावे, अशी तिची योजना होती. एकमेकांस न ओळखणाऱ्या माणसांनी तो फळा भरून टाकला. पाहणाराच जिचा कर्ता होतो, अशा या कलेची आज सर्वत्र चर्चा आहे. आपल्याला मात्र ती नवी नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तिरोडीच्या रस्त्यावर आपण ती पाहिली आहे.

आपल्या बालाघाटकडे जिला नारबोद म्हणतात, तीच नागपूरची मारबत. नागपुरात काळी मारबत 1881 पासून आणि पिवळी मारबत 1885 पासून निघते, असे परंपरा सांगते. पिवळीचा मान तऱ्हाणे तेली समाजाकडे आहे. बांबू, कागद आणि कापड यांच्या या भव्य स्त्रीप्रतिमा इतवारीच्या रस्त्यांतून मिरवत नेतात आणि शेवटी जाळतात. बरोबर बडगे असतात. महागाई, लाचलुचपत, त्या वर्षीचे राजकारण, असा ज्याच्या त्याच्या रोषाचा विषय त्यांत प्रकट होतो. रोगराई आणि इडापीडा घेऊन जा, असा पुकारा हजारो कंठांतून उठतो. तो उठला नाही, तर ती मूर्ती केवळ कागद आणि बांबू होय. स्पेनमधील व्हॅलेन्सिया शहरातही उपहासात्मक प्रचंड प्रतिमा दरवर्षी 19 मार्चच्या रात्री जाळतात. 2016 साली युनेस्कोने त्या उत्सवास मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले.

1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना झाली. नागपूर-भंडारा मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. कचेऱ्यांची भाषा बदलली. पोळ्याचा दुसरा दिवस दोन्हीकडे तोच राहिला. तिरोडी ही मँगनीजच्या खाणीची वस्ती. पोटापाण्यासाठी आलेली माणसे येथे शेजारी झाली. कोणाच्या घरी मराठी, कोणाच्या घरी पोवारी, गोंडी वा छत्तीसगढी. एरवी हजेरीच्या रांगेत मुकाट उभी राहणारी ही माणसे त्या पहाटे एका सुरात ओरडत. खोकला, ताप आणि देवी यांना कोणतीच भाषा परकी नव्हती.

परंतु या कलेला एक काळी बाजू आहे आणि आज मुख्यतः तीच मला सांगावयाची आहे. काळी मारबत ही इंग्रजांना मिळालेल्या भोसल्यांच्या राणी बांकाबाईची प्रतिमा, असे लोक मानतात. राणीच्या राजकारणाविषयी इतिहासकार वाद घालोत. काळी मारबत प्रथम निघाली तेव्हा ती हयात नव्हती. हयात माणसावर हाच पुकारा रोखला तर काय होते, ते मी पाहिले आहे.

मी चौथीत होतो. नारबोदेमागे धावताना आम्हां पोरांपैकी कोणीतरी वस्तीच्या टोकाला एकट्या राहणाऱ्या एका म्हातारीचे नाव त्या आरोळीत गुंफले. बाकीच्यांनी ते उचलले. मीही उचलले. समोरचे दार आतून लागले. ज्यांच्या स्मृत्यर्थ आज आपण जमलो आहोत, त्या गुरुजींच्या कानी हे गेले. त्यांनी छडी उगारली नाही. शाळा सुटल्यावर आम्हां सर्वांना घेऊन ते तिच्या ओसरीवर जाऊन बसले आणि प्यायला पाणी मागितले. तिने दार उघडले. एकेकाला तांब्या देताना तिचा हात थरथरत होता. वाटेत गुरुजी एवढेच म्हणाले, "पीडा घालवायची असते रे, माणूस नव्हे."

या कलेचे सारे शास्त्र मला त्या वाक्यात दिसते. अनोळखी माणसे एका हाकेने जवळ येतात, तशीच एका हाकेने कोणालाही वाळीत टाकू शकतात. 2020 साली खरोखरीची महामारी आली आणि नागपूरच्या मिरवणुकीस परवानगी मिळाली नाही. रोगाला हाकलण्याची हाक त्याच वर्षी रस्त्यावर उठली नाही. उलट रोग्याच्याच घराकडे बोटे दाखविली गेली. तेव्हा मला ते बंद दार आठवले.

देवीचा रोग गेला; 1980 साली जग त्यातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. तो आरोळीने गेला नाही, लसीने गेला. मग आरोळीने काय साधते? भय एकट्याचे राहत नाही, इतकेच. आणि ते थोडे नाही. नारबोद आपण अवश्य काढावी. तिच्यामागून जाताना कोणाचे दार लागले तर नाही ना, एवढे मात्र वळून पाहावे.