पहिल्या आठवड्याचा गुणतक्ता



हॉकी इंडिया लीग सुरू झाली की आमच्या हिंगोलीतली काही कॉलेजची मुले आपापले 'मनातले संघ' काढतात. त्याला फॅन्टसी लीग म्हणतात. आपल्यातल्या जुन्या मंडळींसाठी सांगतो : खऱ्या खेळाडूंमधून आपण कागदावर आपला संघ निवडायचा. मैदानावर त्यांनी गोल केला, अडवला, की आपल्या खात्यात गुण. ही मुले पैसे लावत नाहीत, नुसते गुण मोजतात. पण तीन सामने झाले नाहीत तोच कोण वर, कोण तळाला, कोणाचे 'चालले' आणि कोणाचे 'संपले' याची चर्चा रंगते. या सुरुवातीच्या तक्त्याला किती किंमत द्यावी? उत्तरासाठी थोडा इतिहास पाहू.

१९६२ मध्ये अमेरिकेत ओकलंडच्या बिल विंकनबाक यांनी मित्रांना घेऊन अमेरिकन फुटबॉलचा असा खेळ मांडला. १९८० मध्ये डॅनियल ओक्रेंट या संपादकाने न्यूयॉर्कच्या मित्रमंडळात बेसबॉलचा मांडला. दोन्हींत मूठभर ओळखीची माणसे होती, आणि निकाल लागायचा तो पूर्ण हंगाम संपल्यावर. ही दुसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कोणाचा खेळाडू जायबंदी होतो, कोणाचा नवखा अचानक चमकतो. हे दैवाचे हेलकावे महिनोन्‌महिन्यांत बरेचसे फिटतात आणि मागे उरते ती पारख.

खऱ्या मैदानावरही तेच. २०१५ च्या आयपीएलमध्ये मुंबई इंडियन्स पहिले चारही सामने हरले आणि शेवटी विजेते झाले. टोकियो ऑलिंपिकमध्ये (२०२१) आपला पुरुष हॉकी संघ दुसऱ्याच सामन्यात ऑस्ट्रेलियाकडून १-७ असा हरला. त्याच संघाने जर्मनीला ५-४ असे हरवून ४१ वर्षांनी पदक आणले! राणी रामपालच्या मुलींनी तर पहिले तिन्ही सामने गमावले होते. पुढे उपांत्यपूर्व फेरीत त्यांनी ऑस्ट्रेलियाला नमवले आणि चौथा क्रमांक मिळवला. तिसऱ्या सामन्यानंतरचा तक्ता पाहून कोणी हे भाकीत केले असते?

आता कायद्याकडे वळू, कारण दैव की पारख हा प्रश्न आपल्या न्यायालयांपुढेही आला आहे. एके काळी बक्षिसांच्या शब्दकोड्यांनी लोकांना वेड लावले होते. मुंबई सरकारने त्यांवर १९४८ मध्ये कायदा केला. चमारबागवाला नावाचे गृहस्थ बंगळूरहून निघणाऱ्या साप्ताहिकातून अशा स्पर्धा चालवीत. त्यांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ९ एप्रिल १९५७ ला निकाल लागला. (आपला परभणी जिल्हा, ज्यात तेव्हा हिंगोली होती, पाचच महिन्यांपूर्वी मुंबई राज्यात आला होता.) निकालाचे सार असे : नशिबाचा खेळ तो जुगार, त्याला व्यापाराचे संरक्षण नाही; ज्यात यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून आहे, त्याची गोष्ट वेगळी.

पुढे साठ वर्षांनी याच विचाराचे बोट धरून फॅन्टसीवाले उभे राहिले. २००८ मध्ये हर्ष जैन आणि भावित शेठ यांनी मुंबईत ड्रीम११ सुरू केली. संघ निवडणे हे कौशल्य आहे, असे पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मान्य केले. खेळाडूंना ठरावीक 'किंमत', एकूण खर्चाला मर्यादा, कर्णधाराला दुप्पट गुण, उपकर्णधाराला दीडपट. हे सगळे बसवायला डोके लागते, यात शंका नाही.

पण मंडळी, इथेच मेख आहे. ओक्रेंटच्या मित्रांचा खेळ हंगामभर चाले. आपल्याकडे फोफावला तो एकेका सामन्याचा. संध्याकाळी संघ लावायचा, रात्री निकाल, उद्या पाटी कोरी. म्हणजे रोजच 'पहिला आठवडा'! पारख दिसायला जो काळ लागतो, तोच कापून टाकला. लाखो अनोळखी लोकांच्या स्पर्धेत एका रात्री वर येणाऱ्याच्या हुशारीत दैवाचा वाटा किती आणि बुद्धीचा किती, हे त्याचे त्यालाही कळत नाही. जिंकला तर स्वतःला जाणकार समजतो, हरला तर उद्या भरून काढू म्हणतो. खेड्यापाड्यांतल्या कितीतरी घरांना याची झळ लागली.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले. त्यात पैशांची फॅन्टसीही आली. त्या वेळी ड्रीम११ चे नाव भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवर होते, तेही गेले. हा कायदा योग्य की कठोर, यावर मतभेद असू शकतात. मला तो पटला.

आमच्या गावातली मुले मात्र, पैसे न लावता का होईना, जुन्या पद्धतीने खेळत आहेत. ओळखीतले दहा-बारा जण, एक पूर्ण हंगाम. त्यांना माझे सांगणे एवढेच की पहिल्या घटक चाचणीवरून कोणी वार्षिक निकाल लावत नाही. तळाला असाल तर हातपाय गाळू नका, वर असाल तर शेजाऱ्याला शिकवायला जाऊ नका. अजून बरेच सामने व्हायचे आहेत.

असो. तुमचे मत जरूर कळवा.