पाणचक्कीचा जमाखर्च



क्रांती चौकांत उभें राहिलें म्हणजे १८५७ साल आठवतें. येथल्या काळ्या चबुतऱ्यावर बंडवाल्या शिपायांना देहान्त शासन झालें होतें. आज त्याच चौकावरून जालना रस्त्यानें चिकलठाण्याच्या कारखान्यांकडे दिवसभर रहदारी चालते. कारखान्यांनीं हजारों घरांना भाकरी दिली, हें नाकारून चालणार नाहीं. पण माल स्वस्त कसा करावा, आणि तो करतांना नदी व डोंगर कसे राखावे, हा प्रश्नही त्यांच्याबरोबरच आला. त्याचें एक जुनें उत्तर याच शहरांत, खाम नदीच्या कांठीं आहे. त्याचें नांव पाणचक्की.

मलिक अंबरानें १६१० सालीं खडकी वसविली, आणि डोंगरांत झिरपणारें पाणी जमिनीखालच्या नहरेनें शहरांत आणलें. तोच धडा पुढच्यांनीं गिरविला. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ १७४४ च्या सुमारास तुर्कताज खान या सरदारानें नहरेच्या पाण्यावर चालणारी चक्की उभी केली. तेथें येणाऱ्या फकिरांना आणि यात्रेकरूंना रोजचें पीठ मिळावें, हा हेतु होता.

रचना मोठी चतुर आहे. उत्तरेकडील डोंगरांतल्या झऱ्याचें पाणी मातीच्या नळांतून केवळ उतारानें येई. त्याच्या जोरानें लोखंडी पात्यांचें चाक फिरे, आणि चाकाबरोबर वरचें जातें. पण पाण्याचें काम तेथेंच संपत नसे. तें हौदांत साठे. हौदाखालचें दालन त्यामुळें भर उन्हाळ्यांतही गार राही. आणि उरलेलें पाणी, जसें आलें तसेंच निर्मळ, नदीला मिळे. एका पाण्यानें दळण झालें, गारवा मिळाला, आणि नदीचें कांहीं बिघडलें नाहीं!

आतां जमाखर्च मांडूं. नहर खोदण्याचा खर्च एकदांच, पण भारी. पुढें जळण शून्य; खर्च फक्त देखभालीचा. उलट आज शहराचें पाणी पैठणच्या जायकवाडी जलाशयांतून, सुमारें १०० मीटर खालून, विजेच्या पंपांनीं चढवावें लागतें. एक हजार लिटर पाणी इतकें उचलावयाचें, तर कांहींही वाया न जातां पाव युनिटाहून अधिक वीज खर्ची पडते. हा खर्च रोजचा आहे.

म्हणून कारखाने मोडून पाणचक्क्या बांधाव्या, असें मी म्हणत नाहीं. दर्ग्याचें दळण निराळें आणि लाखों वस्तीच्या शहराची गरज निराळी. झऱ्याचें पाणी घटलें कीं चाकही मंदावे. घेण्याजोगी आहे ती हिशेबाची रीत. यंत्र विकत घेतांना त्याची किंमत पाहावी, तशीच तें चालविण्याची, दुरुस्तीची, आणि त्यांतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचीही पाहावी.

ही रीत आपण विसरलों, त्याची साक्ष पाणचक्कीच देते. नहरेच्या वाटेवर वस्ती वाढली, खोदकामें झालीं, आणि पाण्याची आवक घटली. शेजारच्या खाम नदींत सांडपाणी वाहूं लागलें. अलीकडे ती स्वच्छ करण्याचा उद्योग पैसे खर्चून करावा लागत आहे. तो खर्च कोणत्याही मालाच्या किंमतींत धरलेला नव्हता. वहींत न लिहिलेलें देणें फिटत नाहीं, श्रोतेहो. तें फक्त पुढल्या पिढीच्या नांवावर चढतें.