गलबतांची निगा आणि राज्याचा खजिना

वेगवान मोटार घेणाऱ्यास तिची किंमत एकदांच मोजावी लागते. परंतु तेल, टायर आणि कुशल कारागिराची मजुरी यांसाठीं पैसा वर्षानुवर्षें काढून ठेवावा लागतो. वाहन जितकें चपळ तितकी त्याची निगा नाजूक. मालवण-विजयदुर्गच्या किनाऱ्यावर मराठ्यांच्या आरमारानें हाच अनुभव अडीच-तीनशें वर्षांपूर्वीं घेतला होता.

१६६४ च्या नोव्हेंबरांत मालवणसमोरील कुरटे बेटावर शिवाजीमहाराजांनीं सिंधुदुर्गाचा पाया घातला. किल्ल्याची कथा आपण आवडीनें वाचतों. त्याच्या आश्रयास राहणाऱ्या तरांड्यांचा हिशेब मात्र फारसा कोणी पाहत नाहीं. गुराब मोठी, दोन डोलकाठ्यांची असल्यास सुमारें १५० टनांपर्यंत, तीन डोलकाठ्यांची ३०० टनांपर्यंत. गलबत क्वचितच ७० टनांवर जाई; पण शिडांखेरीज त्यास चाळीस-पन्नास वल्हीं असत. वारा पडला म्हणजे अवजड विलायती जहाज जागींच डुलत राही. आणि गलबतें गुराबांना ओढीत त्याच्या पिछाडीस नेऊन उभ्या करीत.

ही चपळता फुकट मिळत नसे. उबदार पाण्यांत किडे लाकूड पोखरतात. तळास शिंपले व शेवाळ चढलें कीं वेग मंदावतो. म्हणून नौका भरतीबरोबर वर घ्यावयाची, ओहोटीनें कोरडी पडली म्हणजे तळ खरवडावयाचा, फळ्यांच्या सांधींत कापूस ठासावयाचा आणि वर तेलाचा लेप द्यावयाचा. काथ्याचे दोर कुजत, शिडें फाटत. पावसाळ्यांत समुद्र बंद होई. परंतु तांडेल, खलाशी, सुतार व लोहार यांचीं पोटें बंद होत नसत. विजयदुर्गापासून सुमारें दीड-दोन मैलांवर, वाघोटणच्या खाडींत खडक फोडून केलेली गोदी याच कामाची साक्ष देते. तिची लांबी सुमारें ३५५ फूट व रुंदी २२७ फूट आहे.

हा खर्च कोणी सोसावा? रामचंद्रपंत अमात्यांनीं सुमारें १७१५ सालीं लिहिलेल्या आज्ञापत्रांत या प्रश्नाचें उत्तर आहे. पांच गुराबा व पंधरा गलबतें मिळून एक सुभा करावा, आणि त्याचें वेतन मुलखाच्या वसुलांतून नेमून द्यावें; बंदराच्या उत्पन्नावर तें लादूं नये, असें ते बजावतात. कारण उघड आहे. आरमाराचें पोट बंदरावर ठेवलें, तर तोटा पडतांच सावकारास पिळणें आलें. आणि सावकार गेला म्हणजे बंदरहि गेलें. लांकडाविषयींहि हीच दृष्टि दिसते. आंबा-फणसासारखीं झाडें उपयोगी असलीं तरी त्यांस हात लावूं नये, कारण रयतेनें तीं लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात. एखादें झाड जीर्ण झालेंच असेल, तर धन्यास राजी करून व मोल देऊन तें तोडावें. आरमार हवें, पण रयतेच्या डोळ्यांत पाणी आणून नको, हा त्यांतील इत्यर्थ.

इतक्या खर्चानें जपलेली वस्तु किती थोडक्या वेळांत नाहींशी होते, हें १७५६ च्या फेब्रुवारींत विजयदुर्गानें पाहिलें. तुळाजी आंग्र्यांचा बंदोबस्त करण्यासाठीं पेशव्यांनीं इंग्रजांशीं हातमिळवणी केली. वॉटसन याच्या आरमाराचा मारा सुरू झाल्यावर किल्ल्याखालीं एकत्र बांधलेल्या आंग्र्यांच्या नौकांपैकीं एकीस आग लागली, आणि पाहतां पाहतां सारा ताफा जळाला. पुढें आनंदराव धुळपांनीं पेशव्यांचें आरमार सांभाळलें व १७८३ सालीं ‘रेंजर’ जहाज जिंकून पराक्रमहि दाखविला. परंतु गेलेला दरारा पूर्णपणें परत आला नाहीं.

नौका पैशानें पुन्हा बांधतां येतात. पण त्या जपणारे हात, दरसालची शिस्त आणि त्यांसाठीं राखून ठेवलेला वसूल, हीं एकदां विस्कटलीं म्हणजे केवळ पैशानें लवकर उभीं राहत नाहींत. विजयाचे पोवाडे होतात, डागडुजीचे होत नाहींत. तरीहि विजयाचा पाया डागडुजींतच घातलेला असतो.